अकरा एकवीसचा होकार

१

पेंटर सोमवारी सकाळी आपल्या पायांनी चालत दवाखान्यात आला आणि दिवस मावळायच्या आत पांढऱ्या चादरीखाली गेला. छातीत धडधडतं एवढीच तक्रार होती. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला माणूस. वॉर्डात शिरतानाच बायकोला म्हणाला होता की दारावरच्या पाटीची अक्षरं उतरणीला लागलीत, घरी जाण्याआधी नीट करून देतो.

डॉक्टरांनी हृदयाचं पातळ औषध लिहून दिलं होतं, अडीच मिली. बाटलीवर चिकटवलेल्या लेबलवर छापलेलं होतं पंचवीस मिली. साडेबाराला सिस्टरनं लेबल वाचून मात्रा मोजली आणि पाजली. चार वाजता सगळं संपलं.

मंगळवारी दहाच्या आत चोर सापडलासुद्धा. औषध विभागाची फार्मासिस्ट. बावीस वर्षं नोकरी, एकही ठपका नाही. उपअधीक्षकांनी तिच्या हातात कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं की टाइप करताना टिंब राहिलं, ही मानवी चूक आहे, चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये. तिनं विचारलं की कॉम्प्युटर तपासला का. उपअधीक्षक म्हणाले, तपासला, ठणठणीत आहे.

तो खरोखरच ठणठणीत होता. मंगळवारी सकाळी दहा लेबलं छापून पाहिली तर दहाच्या दहा बरोबर. आणि दवाखान्याच्या विश्वस्तबाईंना, त्या स्वतः जुन्या डॉक्टर, नेमकं तेच खटकलं. त्यांनी बाहेरून एक तपासनीस बोलावली.

२

ही तपासनीस पन्नाशी ओलांडलेली बाई होती. कॉम्प्युटरच्या पोटात काय बिघडलं आणि कोणी बिघडवलं हे शोधून काढणं हा तिचा धंदा. पाठीमागे लोक तिला 'कानस' म्हणायचे, कारण ती एकदा घासायला लागली की लोखंडाचासुद्धा भुगा पडायचा. तिला हे नाव ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

बुधवारी ती आधी फार्मासिस्टच्या घरी गेली. फार्मासिस्ट रडत नव्हती. तिचा राग इतका आटून घट्ट झाला होता की आवाज चढतच नव्हता. तिनं सांगितलं की तिनं अडीचच टाइप केलं होतं आणि कॉम्प्युटरमधल्या नोंदीतही अडीचच आहे. पण उपअधीक्षकांचं म्हणणं असं की आधी पंचवीस टाइप केलं, लेबल छापलं, आणि माणूस गेल्यावर गुपचूप नोंद दुरुस्त केली. नोंद अशी बदलता येते, मागे खूण राहत नाही. मग सिद्ध कसं करायचं?

कानसनं तिचा जबाब पुढ्यात ठेवला आणि विचारलं, ह्यात काही लिहायचं राहिलंय का.

"एक ओळ राहिलीय," फार्मासिस्ट म्हणाली. "सकाळी स्क्रीनवर काहीतरी आलं आणि वाचायच्या आत गेलं, असं मी सांगितलं होतं. जबाब लिहिणारा कारकून म्हणाला, ह्याचा काय संबंध."

"तुम्ही काही दाबलंत?"

"कीबोर्डला हातही लावला नव्हता. हातात बाटली होती."

बाहेर पडताना कानसच्या कानशिलाची शीर उडत होती. बाईचा जीव टांगणीला लागलाय आणि एका कारकुनाला एक ओळ लिहायचा कंटाळा. पण रागावर तपास चालत नाही हे ती जाणून होती. तिनं वॉर्डाची वाट धरली.

३

वॉर्डातली सिस्टर तिशीची होती. तिला कोणी काही बोललं नव्हतं, पण तिनं स्वतःच स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. पेशंट नवा, आधीची मात्रा माहीत नाही. पूर्वी डॉक्टरांच्या हातचा कागद वॉर्डात यायचा. वर्षापूर्वी तो बंद झाला. आता वॉर्डाच्या स्क्रीनवर औषधाचं नाव आणि वेळ येते, खाली लिहिलेलं असतं की मात्रा लेबलवर पाहावी. बाटलीबरोबर येणारं मापाचं टोपण तीस मिलीचं. पंचवीस त्यात बरोब्बर मावलं. मावलं नसतं तर शंका आली असती, असं ती दोनदा म्हणाली.

बाटली तिनं कपाटात कुलपात ठेवली होती. कानसनं भिंगातून लेबल पाहिलं. नाव, खाट, औषध, पंचवीस मिली. अगदी खालच्या कडेला मुंगीएवढ्या आकड्यात ६.२. हे काय, म्हणून विचारलं तर सिस्टरला माहीत नव्हतं. कानसनं ते टिपून घेतलं.

मग तिनं विचारलं की सोमवारी सकाळी आलेली आणखी कुठली लेबलं शिल्लक आहेत का. सिस्टरनं ट्रॉल्या धुंडाळल्या. तीन सापडली. दोन लेबलांवरच्या मात्रा पूर्ण आकड्यातल्या होत्या आणि बरोबर होत्या. तिसरं लेबल एका आजीच्या गोळीच्या पाकिटावर होतं. त्यावर छापलं होतं, '०५ गोळी'. आजीला अर्धी गोळी रोजचीच, म्हणून तिनं लेबलाकडे बघितलंही नव्हतं.

कानस त्या शून्याकडे बघत राहिली. पाच लिहायचे असतील तर माणूस पाच लिहितो, आधी शून्य कोण लावतं? शून्य, टिंब, पाच असं टाइप झालं होतं आणि वाटेत टिंब गळलं होतं. एकाच सकाळी दोन वेगळ्या औषधांवर.

फार्मासिस्टनं टिंब विसरलेलं नव्हतं. टिंब कॉम्प्युटरनं खाल्लं होतं. मग मंगळवारी तोच कॉम्प्युटर साळसूद कसा झाला?

४

उत्तरासाठी तिनं दोघांना गाठलं.

दवाखान्याचा कॉम्प्युटर टेक्निशियन पहिल्यांदा उडवाउडवी करत राहिला. मग एकदम सगळं ओकला. गुरुवारी पाहणीला पथक येणार होतं. एकही कॉम्प्युटर जुना दिसता कामा नये, असा उपअधीक्षकांचा तोंडी हुकूम. अपग्रेड म्हणजे कॉम्प्युटरमधले जुने प्रोग्रॅम काढून नवे घालायचे, आणि हे प्रोग्रॅम एकमेकांच्या आधारानं उभे असतात. म्हणून त्यानं दोन तास औषध विभाग बंद ठेवायला मागितला. नकार आला. सोमवारी अकरा पाचला त्यानं चालू विभागातच अपग्रेड सुरू केलं, आपला पासवर्ड घातला. सव्वाअकराला उपअधीक्षकांचा फोन, माझा प्रिंटर अडकलाय, आत्ता वर या. तो दुसऱ्या मजल्यावर गेला. परत आला तेव्हा अपग्रेड झाल्याचं दिसत होतं.

"पूर्ण?" कानसनं विचारलं.

"नाही मॅडम. अर्धवट. लेबल छापायचा प्रोग्रॅम बदलू नये म्हणून जुन्या आवृत्तीवरच बांधून ठेवलेला होता, त्यामुळे तो सोडून बाकी सगळं नवं झालं. पण मी असतो तर अर्धवटाला होच म्हटलं नसतं. मी वरती टेबलाखाली प्रिंटरच्या वायरी बघत होतो. विचारा साहेबांना."

कॉम्प्युटरच्या आतल्या नोंदीत होकाराची वेळ होती, अकरा वाजून एकवीस मिनिटं, कीबोर्डवरून. त्या वेळी खोलीत फक्त फार्मासिस्ट होती.

दुसरा माणूस लेबलवाला, म्हणजे लेबलांचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. आमच्या प्रोग्रॅममध्ये काही दोष नाही, तुम्हीच छापून बघा, म्हणाला. कानसनं एक लेबल छापलं, भिंग लावलं. खालच्या कडेला ७.०, प्रोग्रॅमच्या आवृत्तीचा आकडा. पेंटरच्या बाटलीवरचं लेबल तिनं शेजारी ठेवलं. ६.२.

"सोमवारी सकाळी तुमचा प्रोग्रॅम सहा दोन होता. मंगळवारी सात शून्य," ती म्हणाली. "मधे कोणी बदलला?"

लेबलवाला दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा बघू लागला. कानसनं पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला आणि वाट पाहिली. अर्ध्या ग्लासानंतर तो बोलला. सोमवारी साडेचारच्या सुमारास उपअधीक्षकांचा फोन आला होता, नवा प्रोग्रॅम ताबडतोब घाला. त्यानं आपल्या ऑफिसात बसूनच तो घातला. चार पन्नासला. माणूस गेलाय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

उपअधीक्षकांना मृत्यूची खबर चार वीसला मिळाली होती. म्हणजे तिरडी बांधायच्या आधी साहेबांनी कॉम्प्युटर बरा करून घेतला होता.

"आणखी एक," लेबलवाला खाली बघत म्हणाला. "आम्ही आठ दिवस आधी त्यांना पत्र पाठवलं होतं. सगळं एकत्र बदला नाहीतर काहीच बदलू नका, नाहीतर टिंब गळेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण नवा प्रोग्रॅम तपासायला विभाग अर्धा दिवस बंद ठेवावा लागला असता. पाहणीआधी नको, म्हणाले."

५

एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. पण अकरा एकवीसचा होकार कोणाचा, हे कळल्याशिवाय फार्मासिस्ट सुटत नव्हती. उपअधीक्षक म्हणालेच असते की शेवटी बटण तिनंच दाबलं.

कानसनं सोमवार सकाळच्या स्थितीतला एक जोडकॉम्प्युटर तयार केला. प्रोग्रॅम तेच, जुनं लेबल तसंच बांधलेलं. अपग्रेड सुरू करून ती समोर बसली. सोळा मिनिटांनी स्क्रीनच्या मधोमध एक चौकट आली.

'सगळे बदल करता येणार नाहीत. जमतील तेवढे करायचे का?' खाली दोन बटणं. 'हो, जमतील तेवढे' आणि 'रद्द'. 'हो' आधीच निळं झालेलं, म्हणजे एंटर दाबलं की तेच लागणार.

कानसनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. चौकट तीच होती. तो प्रश्न तिनं पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिला होता.

तेव्हा ती अपग्रेडचं हे साधन बनवणाऱ्या गटात होती. महिनाभर भांडण चाललं होतं. एक वयस्क सहकारी हटून बसला होता की अर्धवट अपग्रेड द्यायचंच नाही. जुन्या खांबांवर नवं छत ठेवू नका, म्हणायचा. कानस तावातावानं उलट बोलायची. एका प्रोग्रॅमसाठी सगळा कॉम्प्युटर जुना ठेवला तर कॉम्प्युटरमध्ये घुसणाऱ्या चोरांना दार उघडं राहतं, लोक वर्षानुवर्षं काही बदलत नाहीत. काहीच न होण्यापेक्षा जमेल तेवढं झालेलं बरं. ती जिंकली होती. आणि शेकडो कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांच्या बोटांना त्रास नको म्हणून 'हो' आधीच निळं करून ठेवायची सूचनाही तिचीच होती. तेव्हा तिला ते माणुसकीचं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं कोणाचा फोन उचलला नाही. सकाळपासून ती जगावर चिडली होती. आता त्या रागाला घरचा पत्ता सापडला होता.

मग तिनं फार्मासिस्टला फोन केला. विचारलं की सोमवारी अकरा वीसच्या आसपास नेमकं काय करत होतात. फार्मासिस्टकडे एक छोटी वही होती. बारकोड वाचणारा स्कॅनर अधूनमधून चुकतो, त्याची तक्रार करायची म्हणून ती चुकलेल्या वेळा लिहून ठेवायची. तिनं पानं उलटली.

"अकरा एकवीस," तिनं वाचलं. "बाटली स्कॅन केली, घेतलं नाही. पुन्हा केली."

कानसनं डोळे मिटले. कोडं सुटलं होतं.

६

गुरुवारी दुपारी औषध विभागात विश्वस्तबाई, उपअधीक्षक, टेक्निशियन, लेबलवाला आणि फार्मासिस्ट असे जमले. उपअधीक्षक घड्याळाकडे बघत होते. पथक वरच्या मजल्यावर चहा घेत होतं.

जोडकॉम्प्युटरवर ती चौकट उघडी होती. कानसनं ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. मग उपअधीक्षकांच्या एका हातात औषधाची बाटली दिली, दुसऱ्यात स्कॅनर, आणि बाटली स्कॅन करायला सांगितलं. त्यांनी खांदे उडवले आणि केली.

टिक असा आवाज झाला. चौकट नाहीशी झाली. तिच्या जागी हिरवी पट्टी पुढे सरकायला लागली.

"तुम्ही आत्ता अर्धवट अपग्रेडला होकार दिलात," कानस म्हणाली.

"मी काही दाबलं नाही."

"तीन दिवस तीही हेच सांगतेय."

कानसनं शांतपणे समजावलं. कॉम्प्युटरच्या लेखी स्कॅनर म्हणजे एक कीबोर्डच. तो बारकोडचे आकडे टाइप करतो आणि शेवटी स्वतःच एंटर दाबतो. सोमवारी ही चौकट उगवली त्याच क्षणी फार्मासिस्टनं बाटली स्कॅन केली. एंटर लेबलाच्या प्रोग्रॅमला न मिळता चौकटीला मिळालं. 'हो' निळंच होतं. बाटली नोंदली गेली नाही म्हणून तिनं पुन्हा स्कॅन केली, तिच्या वहीत वेळ आहे. त्यानंतर बाकी सगळं नवं आणि लेबल तेवढं जुनं. जुना प्रोग्रॅम टिंब एका पद्धतीनं पाठवायचा, प्रिंटर चालवणाऱ्या नव्या प्रोग्रॅमला ती कळायची नाही, तो टिंब टाकून द्यायचा. अडीचचे पंचवीस झाले. अर्ध्याचे शून्य-पाच झाले. तिनं आजीचं पाकीट टेबलावर ठेवलं. त्याशेजारी दोन लेबलं, ६.२ आणि ७.०. त्याशेजारी कंपनीचं पत्र, ज्यावर पोच म्हणून उपअधीक्षकांची सही होती. चार पन्नासचं लेबलवाल्यानं स्वतःच सांगितलं, मान खाली घालून.

उपअधीक्षकांचा चेहरा पडला, पण माणूस मुरलेला होता. म्हणाले, "कॉम्प्युटरनं स्वतः विचारलं, जमेल तेवढं करू का. धोक्याचं असतं तर विचारलं असतं का? ज्यानं ते बटण दिलं त्याला जाऊन विचारा."

"ते बटण मी दिलं," कानस म्हणाली. "पंधरा वर्षांपूर्वी. ती माझी चूक आणि ती मी लिहून देणार आहे. पण माझ्याकडे तुमचं ते पत्र नव्हतं. तुमच्याकडे होतं. आणि माणूस गेल्यावर मी कोणाला फोन करून खुणा पुसायला सांगितल्या नाहीत."

विश्वस्तबाईंनी उपअधीक्षकांच्या कमरेच्या किल्ल्या मागून घेतल्या. पोलिसांना फोन त्यांनी त्याच टेबलावरून केला. फार्मासिस्टला म्हणाल्या की उद्यापासून कामावर या. फार्मासिस्टनं सांगितलं की डॉक्टरांच्या हातचा कागद वॉर्डात परत सुरू होईल त्या दिवशी येईन, आधी नाही. मग तिनं पर्समधून मंगळवारचं ते निलंबनाचं पत्र काढलं, त्याचे चार तुकडे केले आणि उपअधीक्षकांच्या पुढ्यात ठेवले. बावीस वर्षांत तिनं कोणापुढे असं काही केलं नव्हतं.

७

शुक्रवारी कानस अहवालाची प्रत घेऊन पेंटरच्या घरी गेली. कोणी सांगितलं नव्हतं. पेंटरची बायको ब्लाऊज शिवायची. मशीनवर अर्धं शिवलेलं कापड तसंच होतं, सुईखाली.

तिनं कॉम्प्युटरचं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "बाई, बटण कोणी दाबलं तेवढं सांगा."

कानसनं सगळं सांगितलं, साध्या शब्दांत, स्कॅनरसकट.

"म्हणजे कोणीच नाही," पेंटरची बायको म्हणाली.

"दाबलं कोणीच नाही."

"हे उत्तर मी घेणार नाही. माझा माणूस कोणीच नाही मारला, असं मी लोकांना सांगू?"

कानसनं अहवाल तिच्यासमोर धरला. उपअधीक्षकांनी लिहिलेले 'मानवी चूक' हे शब्द तिनं तसेच ठेवले होते आणि खाली माणसं लिहिली होती. पहिले उपअधीक्षक, पत्र दाबून ठेवलं आणि नंतर पुरावा पुसला. दुसरा लेबलवाला, न विचारता हात चालवला आणि दोन दिवस तोंड शिवलं. तिसरा टेक्निशियन, चालू अपग्रेड सोडून प्रिंटरला गेला. चौथी स्वतः तपासनीस, अर्धवट अपग्रेडची वाट ठेवली आणि 'हो' आधीच निळं करून दिलं. शेवटी शिफारस होती. जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे अपग्रेड एक तर पूर्ण व्हावं नाहीतर मुळीच होऊ नये, अर्धवटाचं बटण असूच नये. बाकी ठिकाणी ठेवायचंच असेल तर होकारासाठी माणसानं पूर्ण शब्द टाइप करावा, नुसत्या एंटरला तो लागू नये.

बाईनं ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचलं. चौथ्या नावापाशी बोट थांबलं. तिनं मान वर केली.

"तुमच्या बटणाशिवाय हे झालं असतं?"

खोटं बोलायला जागा नव्हती. "नाही," कानस म्हणाली. "अपग्रेड तिथेच थांबलं असतं."

"मग तुम्ही चौथ्या कशा?"

त्या आवाजात आरडाओरडा नव्हता. कापड कमी भरलं की दुकानदाराला विचारावं तसं तिनं विचारलं होतं. कानसकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. हेतू चांगला होता, पंधरा वर्षं लोटली, हजारो कॉम्प्युटर त्या बटणामुळे चोरांपासून वाचले. सगळं खरं होतं. ह्या घरात त्यातलं एकही वाक्य बोलण्याजोगं नव्हतं.

तिनं पर्समधून पेन काढलं, मशीनच्या फळीवर कागद टेकवला आणि आकडे खोडून नव्यानं घातले. उपअधीक्षकांपुढे एक होता तो तसाच राहिला. स्वतःपुढे तिनं दोन लिहिला, आणि खोडलेल्या जागी सही केली.

बाईनं कागद घेतला, पुन्हा वरपासून वाचला आणि घडी घालून मशीनच्या खणात ठेवला. बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. कानस स्वतःच उठली.